मुशी चरू ऱ्हायली, मॅडम

कडुबामामा, तुमच्या दहाव्याला नदीवर तुमच्या गावचे एक म्हातारे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. डोक्याला लाल पटका, हातात काठी. "बाई, तुम्ही कडुबाच्या कोण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, संभाजीनगरला कॉलेजात आम्ही बरोबर होतो, मी प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मामा आमची प्रयोगशाळा सांभाळायचे. "म्हंजे शिपाई," ते म्हणाले. ते मला लागलं. "शार्क ओळखायचे ते," मी म्हणाले. "समुद्रातल्या मुशी. नुसता फोटो बघून जात सांगायचे." म्हाताऱ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नदीकडे. नदीत घोटाभर पाणी होतं. "आपल्या कन्नड तालुक्यात?" ते म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. दहाव्याला हसू नये हे मला कळतं. पण तुमच्या जागी दुसरं कुणी गेलं असतं आणि तुम्ही तिथं उभे असता, तर सगळ्यात आधी तुम्हीच हसला असता.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. सकाळचा चहा घेऊन तुम्ही पलंगावर टेकलात आणि उठलाच नाहीत, असं तुमच्या गयाबाईंनी सांगितलं. त्रास नाही, धावपळ नाही. त्या म्हणाल्या, कप रिकामा होता. त्याचं मला का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

मी कॉलेजात रुजू झाले तेव्हा तुम्ही तिथं दहा वर्षं जुने होतात. सगळे तुम्हाला मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला काचेची कपाटं होती आणि त्यांत फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या प्राण्यांच्या बरण्या. पहिल्याच आठवड्यात तुम्ही एका जुन्या धोतराच्या फडक्यानं बरण्या पुसत होतात. मी तास संपवून खडूचे हात झटकत होते. तुम्ही दोन बरण्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

"मॅडम, ह्या दोघी एका जातीच्या नायत."

दोन्ही बरण्यांवर एकाच अक्षरात एकच नाव होतं, स्कोलिओडॉन. प्राणिशास्त्र शिकलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी चिरलेली ती लहानशी मुशी. मी म्हणाले, "मामा, लेबल आहे की."

"लेबल चिकटवणाऱ्यानं चिकटवलं आन तो गेला. मी धा वर्सं झाली ह्यांना पुसू ऱ्हायलो."

मी भिंग घेतलं ते तुमचं मन राखायला. एकीचं नाक चपटं, पसरट, फावड्यासारखं. दुसरीचं निमुळतं, आणि ओठाच्या कोपऱ्यापासून निघालेली एक लांब घडी. पुस्तक काढलं, अर्धा तास घालवला. दुसरी स्कोलिओडॉन नव्हतीच. आमच्या विभागात पिढ्या शिकून गेल्या, परीक्षा झाल्या, बाहेरचे परीक्षक येऊन गेले, आणि ती बरणीत चुकीच्या नावानं उभी होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

तुम्ही फडकं खांद्यावर टाकलं. "आमच्या आबाची दोनशे मेंढरं व्हती. संध्याकाळी वाड्यात घेताना आबा मोजायचा नाय. नुसती नजर फिरवायचा आन म्हनायचा, ती आखूड कानाची नाय आली. मग मला परत माळावर पळवायचा. दोनशे तोंडं पाठ करावी लागायची, मॅडम. इथं तर दोनच हायत."

त्यानंतर दुपारी प्रात्यक्षिकं उरकली की आपली शाळा सुरू व्हायची. इंग्रजी पुस्तकातली ओळखीची लक्षणं मी मराठीत सांगायची आणि तुम्ही दोनशे पानी वहीत उतरवायचात. कल्ल्यांच्या फटी किती. पाठीवरचा पहिला पर छातीच्या परांच्या पुढं सुरू होतो की मागं. दोन परांच्या मधे पाठीवर कणा उठलाय का. डोळा मोठा की बारीक. लॅटिन नावं तुम्हाला आवडायची नाहीत. तुम्ही तुमची ठेवलीत. चपट्या नाकाची ती फावडी, ओठाला घडी असलेली ती लांबओठी. हातोड्याच्या डोक्याची आली तेव्हा म्हणालात, "हिला कोकणातले लोक कानमुशी म्हंत्यात ना? मग झालं. त्यांनी आधीच बरोबर ठेवलंय."

मला या शिकवण्याचा अभिमान होता, मामा. आज मागं बघते तेव्हा त्या अभिमानात काय मिसळलेलं होतं ते दिसतं. माझ्या माहेरी पैठणकडं शेती. उन्हाळ्यात तुमच्यासारखेच मेंढपाळ कळप घेऊन यायचे, आमच्या रानात मेंढरं बसवायचे. आई त्यांना भाकरी द्यायची, पण ओट्याच्या खाली. मी ओटा केव्हाच सोडला होता, पण त्याची उंची माझ्यात कुठंतरी राहिली होती. नाहीतर कोकणातल्या त्या सकाळी माझ्या तोंडून ते वाक्य आलं नसतं.

अभ्याससहल होती. चाळीस मुलंमुली, एक बस, दापोलीकडचं एक लहान गाव. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होतात. बसमधून उतरून तुम्ही बराच वेळ नुसते उभे राहिलात. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"लई पानी हाय," तुम्ही म्हणालात. "आन कुनाच्या कामाचं नाय."

पोरं खिदळली. जेवायला मात्र तुम्ही सगळ्यांना चकित केलंत. ताटात तळलेला मासा आला तसा तुम्ही तो शेजारच्या मुलाच्या ताटात ठेवला आणि पिशवीतून घरची भाकरी नि ठेचा काढला. एकीनं विचारलं, मामा, तुम्ही माळकरी का? तुम्ही म्हणालात, "नाय नाय. बोकड चालतं. पन वळखीच्याला कोन खातं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागल्या तेव्हा वाळूवर एक मुशी पडली होती, माणसाच्या उंचीला थोडी कमी. परांची टोकं काळी. मी मुलांना गोल उभं केलं आणि ठणकावून सांगितलं, ही ब्लॅकटिप, काळ्या टोकांची शार्क. मुलं लिहून घेत होती. तुम्ही माझ्या मागून हळूच म्हणालात, "मॅडम, खालचा पर बघा. शेपटीजवळचा. त्याचं पन टोक काळं हाय."

ते बघायला मला दोन पावलं पुढं जाऊन वाकावं लागलं असतं. ऊन होतं, पोरांचा गलका होता, हे सगळं खरं. पण खरं कारण ते नव्हतं. चाळीस वह्या माझ्याकडं बघत होत्या.

"मामा, तुम्ही सामान बघा," मी म्हणाले.

तुम्ही गेलात. नारळीखाली पिशव्यांचा ढीग होता, त्याच्या शेजारी जाऊन बसलात. माझ्याकडं पाठ करून नाही, रागानं नाही. सामान बघायला सांगितलेला माणूस बसतो तसे.

मुलं चहाला गेल्यावर मी वाकले. शेपटीजवळचा पर काळ्या टोकाचा होता. पाठीवरचा परही अंमळ मागं सुरू होत होता. ती ब्लॅकटिप नव्हती, ती गिरकी घेत पाण्याबाहेर उडी मारणारी स्पिनर होती. परत आल्यावर मुलांच्या अहवालात मी लाल पेननं नाव दुरुस्त केलं. चाळीस वेळा. कुणी दुरुस्त केलं ते एकदाही लिहिलं नाही.

आणि तरी मामा, त्या सामानाच्या ढिगानंच तुम्हाला जयवंती दिली. मासे विकणारी ती तिथंच टोपली घेऊन बसली होती, लिलाव सुरू व्हायची वाट बघत. तिनं तुम्हाला विचारलं, "सगली मुशी बघतायत, तुमी का नाय गेलात?" तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला तिनंच कितीतरी वर्षांनी सांगितलं. तुम्ही म्हणाला होतात, "मला वळखू आली, म्हनून इथं बसवलं."

तिनं टोपलीतून एक लहान मुशी काढून तुमच्यापुढं धरली. तुम्ही सांगितलंत ती कोण आणि कशावरून. तिनं सांगितलं तिच्या गावात तिला काय म्हणतात. तासाभरात तुमची दोघांची वही भरली. तुमच्या लेकीनं नुकताच तुम्हाला कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला होता. तुम्ही जयवंतीचा नंबर घेतलात आणि वर्षभरानं निवृत्त झालात तेव्हा तुमची खरी नोकरी सुरू झाली.

पुंडलिकनगरातल्या तुमच्या दोन खोल्यांत रोज सकाळी जयवंतीच्या फोटोंतून समुद्र यायचा. जाळ्यात अमुक आलंय, ही कंची? काही जाती पकडायला बंदी असते, जाळ्यात जिवंत असली तर सोडायला हवी, हे जयवंतीला तुम्हीच समजावलं होतं. पण मला वाटतं, बंदी वगैरे नंतर. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. आयुष्यभर जे विकलं ते कोण आहे, हे. तुम्ही उत्तर आवाजात पाठवायचात, कारण बारीक बटणं तुम्हाला जमत नसत. "जयवंतीताई, राम राम. ही फावडी. पिल्लू हाय. हिच्या आईला आनू नका." मग तोच निरोप मला पुढं पाठवायचात, आणि खाली कसेबसे जुळवलेले दोन शब्द: "मॅडम, तपासा." मी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी गॅसवर कुकर चढवून तो फोटो बोटांनी मोठा करत बसायची. बहुतेक वेळा तुम्ही बरोबर असायचात.

बहुतेक. या शब्दावरून आपण किती भांडलो.

ते सुरू झालं एका उन्हाळ्याच्या तोंडी. जयवंतीच्या गावच्या किनाऱ्याजवळ कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. काही सेकंदांचं. गढूळ पाण्यावर एक मोठा काळा पर, आणि मागं बायकांच्या किंकाळ्या. त्याखाली कुणीतरी लिहिलं, नरभक्षक. दुपारपर्यंत ते सगळीकडं गेलं. किनारा ओस पडला. पोहायला आलेले लोक गाड्या वळवून निघून गेले. आणि गावातल्या काही होड्यांनी ठरवलं, उद्या पहाटे मोठे गळ घेऊन जायचं आणि तिला संपवायचं. जयवंतीचा भाऊसुद्धा त्यांत होता. सरपंचांनी माझा नंबर मिळवून फोन केला, कारण माझ्या नावामागं डॉक्टर लागतं. मी चित्रण बघितलं आणि जे कोणीही शहाणं माणूस म्हणेल ते म्हणाले: नुसत्या परावरून सांगता येणार नाही.

तीन वाजता तुम्ही रिक्षानं माझ्या दारात. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. "मोठ्या पडद्यावर लावा," म्हणालात. मी लॅपटॉपवर लावलं. तुम्ही एकदा बघितलंत. परत लावा. परत. मी चहा टाकून आले तरी तुम्ही बघतच होता. मी मोजणं सोडलं. मग तुम्ही पाठ टेकलीत आणि तुमचा चेहरा एकदम सैल झाला.

"मुशी चरू ऱ्हायली, मॅडम."

"काय?"

"चरू ऱ्हायली. शिकार नाय करत. लांडगा बघा, कुत्रं बघा. मारायचं असलं की थांबतं, दबतं, मग सुटतं. ही बघा कशी चालली. तोंड पान्याच्या वर. थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं, घाई नाय. माळावर मेंढरू असंच चालतं. आन हे बघा." तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. "हा पाठीचा पर. आन इथं, लई मागं, हे शेपटीचं टोक. मधे अख्खी होडी बसंल. एवढी मोठी आन चरणारी एकच हाय तुमच्या पुस्तकात."

व्हेल शार्क. जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि खातो ते झिंग्याच्या पिल्लांसारखं बारीक काहीबाही. मला पटलं. लगेच पटलं, मामा. पण मी विचारलं, "तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. ते कुठं दिसतात?"

"पानी गढूळ हाय."

"मग खात्री कशी देऊ? उद्या माझ्या शब्दावर कुणी पाण्यात उतरलं आणि काही झालं तर?"

"आन उद्या त्यांनी गळ टाकला तर? तेवढं धूड उलटं फिरलं तर होड्या ऱ्हातील का?"

दोघंही बरोबर होतो, हीच अडचण होती. शेवटी मी तुमच्यासमोर सरपंचांना फोन लावला. म्हणाले, "ही बहुतेक व्हेल शार्क आहे. माणसाला काही करत नाही. गळ टाकू नका. पण कुणी पाण्यातही उतरू नका. सकाळी एका होडीनं लांबून जाऊन पाठीचा फोटो घ्या."

मी फोन ठेवला तेव्हा तुम्ही उभे राहिला होता. "बहुतेक कामून म्हनलं?"

"कारण मला ठिपके दिसले नाहीत."

"मला दिसली ना ती चालताना! राखणदार 'बहुतेक लांडगा' म्हनला तर कळप वाचंल का?" आणि चहा अर्धा सोडून तुम्ही निघून गेलात. एवढ्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच.

गळ मात्र थांबले. सकाळी जयवंती स्वतः भावाच्या होडीत बसून गेली. फोटो आला तेव्हा पाणी निवळलं होतं. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, ओळींनी, रांगोळी काढायच्या आधी घालतात तसे. आणि मागोमाग तिचा आवाज, रडतेय की हसतेय ते कळेना: "मामा, ती आमच्या होडीखालनं गेली वो! होडी संपली पन ती संपेना!" ज्या होड्या गळ घेऊन निघणार होत्या त्या नुसत्या बघायला गेल्या. दोन दिवस ती तिथं चरत होती, मग निघून गेली.

तुम्ही मला तो फोटो पाठवलात. खाली "तपासा" नव्हतं.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. दर भेटीत तुम्ही तो शब्द उकरून काढायचात. मी म्हणायची, खात्रीनं बोलून चुकलं तर? तुम्ही म्हणायचात, नीट बघितलं तर चुकंल कामून? आणि मग एकदा चुकलात. खाडीच्या तोंडाशी जाळ्यात आलेली मुशी, फोटोत अर्धीच. तुम्ही सांगितलंत, साधी आहे, भिऊ नका. दोन दिवसांनी पूर्ण फोटो आला. आखूड, बोथट नाक, बारीक डोळा, परांवर कसलीच खूण नाही. बुल शार्क. खाडीत आत घुसणारी, आणि भिण्यासारखी. त्या खाडीत बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून कालवं काढतात. कुणाला काही झालं नाही. पण तासाभरात तुमचा निरोप गेला: "जयवंतीताई, मी चुकलो. बायांना सांगा." आणि आठवडाभर तुम्ही माझ्याकडं फिरकला नाहीत.

आलात ते बोरांची पिशवी घेऊन. गावाकडची, लहान, आंबटगोड. बराच वेळ आपण बोरं खात बसलो. मग म्हणालात, "मॅडम, तुमचा तो शब्द बरा हाय. पन मला जमनार नाय."

मला तेव्हा वाटलं, हीच वेळ आहे. तुम्ही तुमची चूक एवढ्या सरळ मांडलीत, तर मीही मांडावी. मी सुरुवात केली, "मामा, त्या सहलीत मी तुम्हाला..."

तुम्ही बी टाकायला वाटी पुढं ओढलीत. "सामान तर सगळं नीट आलं ना घरी?" म्हणालात आणि हसलात. आणि मी, भित्री, तुमच्या हसण्याच्या आडोशाला लपले. विषय संपला.

तो विषय मी दहाव्याहून परत आल्यावर उघडला. त्या वर्षीच्या मुलांचा एक व्हॉट्सॲप गट अजून आहे. आता सगळे पोराबाळांचे झालेत. मी लिहिलं की त्या दिवशी वाळूवरची मुशी मामांनी ओळखली होती, मी चुकले होते, आणि मी त्यांना सामानाजवळ बसवलं. थोड्या वेळानं एकीचं उत्तर आलं, आता ती जालन्याला शिकवते: "मॅडम, आम्हाला माहीत होतं. चहाच्या टपरीवरून तुम्ही वाकून बघताना दिसत होता." खाली दुसऱ्यानं लिहिलं, "आम्ही नंतर मामांना विचारलं होतं. ते म्हणाले, मॅडमनीच शिकवलंय मला, चूक त्यांची कशी?"

तुम्ही असं सांगितलं होतंत, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. वाचून मी फोन पालथा ठेवला. मग पुन्हा सरळ केला. वाईट वाटत होतं का, ते नक्की सांगता येत नाही. कुणीतरी आपलं ओझं आपल्याला न सांगता अर्ध्या वाटेपर्यंत वाहून आणलंय, हे कळल्यावर जसं वाटतं तसं वाटत होतं.

तेराव्यानंतर मी पुंडलिकनगरला गेले. गयाबाई एकट्याच होत्या, लेक सासरी परतली होती. मला वाटलं होतं, घर सुनं असेल. पण ओट्यावर भाजी निवडायला घेतलेली, रेडिओ बारीक आवाजात चालू. तुमचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. मी जयवंतीबद्दल बोलले. तुम्ही गेलात त्या सकाळीही तिचा फोटो आला होता आणि तसाच पडून होता. मी तिला फोनवर तुमची बातमी दिली तेव्हा ती खूप रडली आणि म्हणाली, तो फोटो आता ऱ्हाऊ द्या.

"म्या बघितलाय त्यो," गयाबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मॅडम, त्यांनी तुम्हाला सांगितलं नसंल. दोन वर्सं झाली, त्यांना बारीक दिसत नव्हतं. डोळ्याचा पडदा गेला म्हनला डॉक्टर. मोठं मोठं दिसायचं, फोटोतलं नाय. मग म्या बघून सांगायची. नाक कसं, पर कुठून निघालाय, डोळा केवढा. ते इचारत ऱ्हायचे, आन मग बोलायचे."

दोन वर्षं तुम्ही मला "तपासा" म्हणून पाठवत होतात, आणि मी तपासत होते ती गयाबाईंची नजर.

"मला का नाही सांगितलं?"

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "मी म्हनलं त्यांना, सांगा की. तर म्हनायचे, नको. मॅडम परत सामानाजवळ बसवतील."

रागवा माझ्यावर, मामा, पण मी रडता रडता इतकी हसले की गयाबाई घाबरून पाणी घेऊन आल्या.

मग त्यांनी खिडकीतला फोन काढला. लॉक उघडायचा आकडा त्यांना पाठ होता. फोटो मोठा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला. "आमच्या माहेरी बी मेंढरंच व्हती," त्या म्हणाल्या, जणू मी काही विचारलं होतं. आणि मग तुमच्याच क्रमानं सुरुवात केली. नाक चपटं. फावड्यावानी. पाठीवरला दुसरा पर एवढासा. ओठाला लांब घडी नाय. "फावडी हाय," त्या म्हणाल्या. मी बघितलं. फावडीच होती.

"मग सांगा जयवंतीला."

"मला मेलीला कुठं बोलता येतंय त्यात?"

मी बटण दाबून फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला. तुमचं नाव त्या घेत नाहीत, म्हणून थोडा वेळ अडल्या. मग म्हणाल्या, "जयवंतीबाई, मी ह्यांच्या घरून बोलते. तुमची मुशी आली व्हती, तिचं उत्तर ऱ्हायलं व्हतं." पुढं सगळं नीट, एकेक खूण सांगून. शेवटी म्हणाल्या, "आनखी काय आलं तर पाठवत जा. म्या घरीच असते."

ते परवा झालं. आज सकाळी गयाबाईंची खुशाली विचारावी म्हणून मी तुमच्या नंबरावर फोन लावला. लागला नाही, बिझी. दहा मिनिटांनी लावला, तरी बिझी. तिसऱ्यांदा उचलला.

"मॅडम, तुम्हाला मागून करते," त्या घाईत म्हणाल्या. "जयवंतीच्या गावी काईतरी मोठं आलंय जाळ्यात, जित्तं हाय. तिला म्या म्हनलं, आदी डोळ्याचा फोटो काढ."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.